बेंगळुरूत नातीच्या पाच बाटल्या

मी बेंगळुरूला गेलो तो बागा बघायला नव्हे आणि देवळं बघायलाही नव्हे. नातीला परत आणायला गेलो. ही गोष्ट आमच्या गावात सगळ्यांना ठाऊक आहे, कारण निघायच्या आधी मीच गुऱ्हाळावर बसून ती सगळ्यांना सांगितली होती. आता जो तो विचारतो, तात्या, काय बघितलं, काय खाल्लं, काय झालं. प्रत्येकाला तोंडानं सांगायला गेलं की प्रत्येक वेळी थोडं वेगळं होतं. म्हणून एकदाच लिहून काढतो. माझं शिक्षण तिसरी. तिसरीत मी दोन वर्षं बसलो, म्हणजे तसं बघितलं तर चौथी धरायला हरकत नाही.

नात म्हणजे शर्वरी, माझ्या थोरल्याची मुलगी. हॉटेलाचं शिक्षण घेऊन ती बेंगळुरूच्या एका मोठ्या हॉटेलात उमेदवारीवर लागली. आम्हाला वाटत होतं पोरगी मॅनेजर होणार. मग कळलं की तिचं काम पाहुण्यांना वाईन द्यायचं. आमच्या घरात तोंडाला थेंब लावलेला माणूस नाही. चुलतभावांत दोघं आहेत, पण ते त्यांच्या घरात. थोरला मला म्हणाला, "तात्या, मला काही तिला सांगता येत नाही. तुम्ही जा. तुम्ही म्हणाल ते ती ऐकेल." तिला फोन लावला. ती म्हणाली, "या. ऐकेन. पण शुक्रवारी माझी परीक्षा आहे. पास झाले तर कायम. शुक्रवारपर्यंत तुम्ही काही बोलायचं नाही, फक्त बघायचं." मी कबूल केलं आणि भावकीला शब्द दिला की रविवारी गाडीतून उतरेन तेव्हा नात बरोबर असेल.

गाडीचं काही सांगण्यासारखं नाही. बसलो, उतरलो.

सोमवार, राजाजीनगर

शर्वरी राहते माझ्या साडूकडे, केशवरावांकडे. ते सरकारी कारखान्यात इंजिनियर होते. चाळीस वर्षं तिथं राहून त्यांची मराठी अर्धी कानडी झालीय. दारातच म्हणाले, "सरी, तात्या, आलात. स्वल्प बसा, कॉफी येते." कॉफी आली ती एवढ्याशा पेल्यात, वाटीत उभी केलेली. मी म्हटलं, ही औषधाची मात्रा असेल, कॉफी मागून येईल. मागून काही आलं नाही.

रिक्षावाला मला सारखा "ताता, ताता" म्हणत होता. मला राग आला. म्हटलं, माझं नाव याला सांगितलं कुणी, आणि सांगितलं तर नीट का नाही सांगितलं. केशवराव म्हणाले, तिकडं आजोबालाच ताता म्हणतात. म्हणजे त्या गावात मी न सांगता तात्या. ते एक बरं वाटलं.

मेहुणी कमल हिनं पुरणपोळी केली होती, पण पुरणात खोबरं. आमच्याकडं असं केलं तर पाहुणा उठून जाईल. मी तीन खाल्ल्या, तिचं मन मोडू नये म्हणून. मी पाच ढेपा गूळ घेऊन गेलो होतो, एकेक किलोच्या, माझ्या हातच्या. चाळीस वर्षं मी गुळव्या आहे. काहिलीतला पाक कधी उतरवायचा हे मला कुणी घड्याळ लावून सांगत नाही.

पाणी प्यायला फ्रीज उघडला आणि थांबलो. खाली भाजीच्या खणात, कोथिंबिरीशेजारी, पाच दारूच्या बाटल्या. आणि पाचही बाटल्यांना लोकरीची झबली घातलेली.

"कमल," मी म्हटलं, "हे काय?"

"रिकाम्या आहेत भावजी. चिंचेनं घासून घेतल्यात. आत पाणी आणि कोकम सरबत आहे. पोरगी सराव करते."

"मग झबली?"

"उघड्या बाटल्या माझ्या दह्याच्या शेजारी नकोत. झाकल्या की चालतं."

संध्याकाळी शर्वरी आली, पाया पडली आणि फ्रीजच्या दारावरचा कागद मला वाचून दाखवायला लागली. फेसाची वाईन सहा ते आठ अंश. पांढरी आठ ते दहा. गुलाबी दहा ते बारा. लाल सोळा ते अठरा. शेवटी गोड, ती पुन्हा सहा ते आठ.

मी म्हटलं, "प्यायचं ते प्यायचं. गार असलं काय न् कोमट असलं काय."

"तात्या, ताक कोमट प्याल का? उसाचा रस गरम प्याल का?"

"ते वेगळं."

"वेगळं कसं? फार गार केली तर वास मरतो. गरम झाली तर नुसती दारू नाकात जाते. आणि फेसाची गरम असली तर उघडताना निम्मी बाटली पाहुण्याच्या अंगावर."

केशवराव मध्ये पडले. "लाल वाईन रूम टेंपरेचरला द्यायची. पुस्तकात स्पष्ट आहे."

मी विचारलं, "कुणाच्या खोलीचं?"

चाळीस वर्षांत मी त्यांना दुसऱ्यांदा गप्प केलं. पहिल्यांदा त्यांच्या लग्नात.

शर्वरी हसायला लागली. म्हणाली, "तात्या, अर्धे लोक इथंच चुकतात. ज्या देशात हे लिहिलं तिथली जुनी दगडी घरं गार असायची. तिथली खोली म्हणजे आपला फ्रीज उघडा टाकलेला. आपल्या खोलीत ठेवली तर लालसुद्धा गरमच. तीही थोडा वेळ बर्फात घालावी लागते."

केशवरावांना हे पटलं नाही. त्यांनी तापमापक आणून प्रत्येक खोलीत टांगला. हॉल सत्तावीस. न्हाणीघर चोवीस. देवघर पंचवीस. मी म्हटलं, "म्हणजे बाटली देवघरात ठेवायची का?"

स्वयंपाकघरातून कमल म्हणाली, "ठेवून बघा."

मंगळवार, महादेवपुरा

शर्वरीचं हॉटेल महादेवपुऱ्याला. राजाजीनगरपासून तिथं जायला जेवढा वेळ लागला तेवढ्यात मी गावाहून कोल्हापूरला जाऊन बाजार करून परत आलो असतो. सगळ्या इमारती काचेच्या. आत पोरं, पुण्याची, नागपूरची, मुंबईची, गळ्यात पट्टा घातलेली. पट्ट्याशिवाय तिथं माणूस मोजत नाहीत. मलाही दारावर एक दिला.

दुपारच्या जेवणाच्या वेळी एका कोपऱ्यात मला लिंबू सरबत देऊन बसवलं आणि मी बघत बसलो. पुण्याकडचा एक गृहस्थ लाल वाईन घेऊन म्हणाला, "यात बर्फ टाक ना चांगला." मला वाटलं आता ही त्याला शिकवणार, तो चिडणार, आणि मी तिथंच तिची बॅग भरायला सांगणार.

शर्वरी म्हणाली, "आणते सर. बर्फ इथं बाजूला ठेवते. आधी दोन घोट असेच घेऊन बघा, मग लागेल तेवढा घाला."

बर्फ आला. त्या माणसानं दोन घोट घेतले, मग बोलण्यात रंगला. जेवण संपेपर्यंत बर्फाचं पाणी झालं. ती त्याला नाही म्हणाली नव्हती, आणि त्याच्या मनासारखंही झालं नव्हतं. मी हे घरी कुणाला बोललो नाही. शुक्रवारपर्यंत बोलायचं नाही असं ठरलं होतं.

बुधवार, बादली

बुधवारी माझं आणि नातीचं वाजलं. बाटली लवकर गार करायची तर बादलीत बर्फ घालतात. पोरगी बर्फात तांब्यानं पाणी ओतायला लागली.

"काय करतेस? बर्फ विरघळेल."

"विरघळू दे. नुसत्या बर्फात मध्ये हवा राहते. पाणी असलं की बाटलीला सगळीकडून लागतं. लवकर गार होते."

"पाणी घालून बर्फ जास्त गार होतो असं मी सत्तर वर्षांत ऐकलं नाही."

केशवरावांनी लगेच दोन बादल्या मांडल्या. त्यांना असलं काही असलं की दहा वर्षांनी तरुण होतात. माझ्या बादलीत नुसता बर्फ, काठोकाठ. तिच्या बादलीत निम्मा बर्फ, निम्मं पाणी. दोन्हीत कोकमाची एकेक बाटली, झबली काढून. वीस मिनिटांनी तापमापक घातला. तिची बाटली नऊ अंश. माझी सतरा.

सगळे माझ्याकडं बघत होते.

मी म्हटलं, "इथला बर्फ वेगळा आहे."

"बर्फ एकाच दुकानातला आहे तात्या," केशवराव म्हणाले. "दोन्ही बादल्यांत."

"तेच म्हणतोय. इथला."

मग पोरीनं तिच्या बादलीत मूठभर मीठ टाकलं आणि दुसरी बाटली अर्ध्या वेळात गार करून दाखवली. मी ती बघितली नाही, मी गॅलरीत गेलो होतो. गॅलरीतून दिसत होतं तेवढंच बघितलं.

गुरुवारी कमलच्या भजनी मंडळाच्या बायका आल्या आणि केशवरावांनी त्यांना कोकम सरबत दिलं, थेट त्या बाटलीतून, उजव्या हातानं तळ धरून, डावा हात पाठीमागं, शर्वरी करते तसं. एकाही बाईनं पेला उचलला नाही. कमलनं साडूंना आत बोलावून काय सांगितलं ते कानडीत होतं. पण त्यांचं तोंड बघून मला सगळं समजलं. त्या दिवशी मी फार जेवलो.

शुक्रवार, देवनहळ्ळीच्या पुढं

परीक्षा हॉटेलात नव्हती. देवनहळ्ळीच्या पुढं एक द्राक्षबाग आहे, तिथल्या कौलारू पडवीत होती. वाटेत जुना किल्ला दिसला, आणि किल्ल्याला लागूनच शेतांत दगड रोवून पाडलेले प्लॉट. डोक्यावरून दर पाच मिनिटांनी विमान. केशवरावांनी त्यांची गाडी काढली होती. मी पुढं बसलो. मागं शर्वरी, पांढरा सदरा, काळा कोट, आणि मांडीवर तिचा कागद. ती तोंडातल्या तोंडात आकडे म्हणत होती.

परीक्षा घेणारे दोघं. एक मुत्तण्णा साहेब, हॉटेलातल्या वाईनचे मुख्य, मिशीवाले, कमी बोलणारे. दुसऱ्या मुंबईच्या एक बाई, नाकावर चष्मा, मराठी बोलणाऱ्या. ते आले तेव्हा साडेदहा झाले होते. शर्वरी आतल्या खोलीत तिच्या बादल्या घेऊन होती. परीक्षा अकराला. दोघं बाग बघायला उन्हात गेले. केशवराव ठिबकचा पंप बघायला गेले. पडवीत मी एकटा.

पावणेअकराला दोघं परत आले. मुत्तण्णा साहेबांचा सदरा पाठीला चिकटलेला. बाई पदरानं वारा घेत होत्या. आता सांगा, उन्हातून माणूस दारात आलाय आणि आपण बघत बसायचं? माझ्या पिशवीत गूळ होता, तिथं माठ होता. मी पितळी तांब्या भरला, गुळाचे खडे पानावर ठेवले आणि पुढं केले.

"घ्या. उन्हातून आलात. नुसतं पाणी पिऊ नये."

बाई म्हणाल्या, "अय्या, गूळ-पाणी. किती वर्षांनी." त्यांनी तीन खडे खाल्ले. मुत्तण्णा साहेबांनी एक खाल्ला, थांबले, दुसरा घेतला, मग तिसरा पानावरून न बघताच उचलला. मला बरं वाटलं. त्या गावात चार दिवसांत पहिल्यांदा मी पाहुणा नव्हतो, यजमान होतो.

तेवढ्यात शर्वरी फेसाची बाटली घेऊन बाहेर आली. तिनं पान बघितलं. बाईंच्या बोटाला लागलेला गूळ बघितला. ती हसली, पण ते पाहुण्यांसाठीचं हसणं होतं. माझ्या जवळ येऊन हळूच म्हणाली, "तात्या, तुम्ही यांना गूळ दिलात?"

"तर काय. आल्यागेल्याला..."

"गुळावर ही वाईन चिंचेच्या पाण्यासारखी लागते. पहिल्या चारही. नुसती आंबट. तोंड गोड झाल्यावर काही कळत नाही त्यांचं."

मला चूक कळली. पण तोंडानं मी म्हटलं, "मग आधी सांगायचं होतंस."

ती नुसती बाटली पुसायला लागली. ते फार वाईट झालं. रागावली असती तर मी भांडलो असतो.

मुत्तण्णा साहेबांनी घड्याळ बघितलं, आणि मग त्यांनाच उमगलं. ओठांवरून जीभ फिरवून ते इंग्रजीत काही तरी म्हणाले. शब्द कळले नाहीत, अर्थ कळला. हे कुणी द्यायला सांगितलं, असंच होतं. वाईन द्यायच्या परीक्षेत आधी गूळ देणारी मुलगी म्हणजे काय ते त्यांच्या मिशीवर लिहिलेलं होतं. बाईंनी पेन उघडलं. शर्वरीनं माझ्याकडं बघितलंही नाही. ती म्हणाली, "सॉरी सर." फक्त तेवढंच. माझं नाव नाही घेतलं.

केशवराव पंपाकडून येत होते. लांबूनच त्यांनी मला हातानं खूण केली, गप्प बसा.

आता मी खरं लिहितो. गप्प बसलो असतो तर काम झालं होतं. पोरगी नापास, उमेदवारी संपली, रविवारची गाडी, दोन तिकिटं. मला वाईटपणाही आला नसता. भावकीला दिलेला शब्द राहिला असता. हे सगळं माझ्या डोक्यात आलं, नाही म्हणत नाही. पण ती माझी चूक आपल्या अंगावर घेऊन उभी होती, आणि मी खुर्चीवर बसलो होतो.

मी उठलो. टोपी काढली. म्हटलं, "चूक माझी आहे. पोरीला माहीत नव्हतं."

मी एवढंच बोललो. केशवरावांनी ते साहेबांना कानडीत सांगितलं, त्याला बराच वेळ लागला. त्यात माझी तिसरी इयत्ता आली, गुऱ्हाळ आलं, बादली आली आणि 'इथला बर्फ'सुद्धा आला, कारण साहेबांच्या मिशा हलल्या. साडूंनी चाळीस वर्षांचा हिशेब त्या एका भाषणात पुरा केला. मी उभा राहून ऐकलं.

तेवढ्या वेळात शर्वरीनं डोकं चालवलं. ती बाईंना म्हणाली, "मॅडम, क्रम बदलू का? गोड वाईन आधी देते. गुळाबरोबर तीच उभी राहील. मग पोळी आणि पाण्यानं तोंड साफ करून पहिल्यापासून सुरू करते."

"गोड शेवटी होती ना?" बाई म्हणाल्या. "ती गार झालीय का?"

"नाही. दहा मिनिटं द्या."

"दहा मिनिटांत आठ अंश?"

"हो."

मग ती माझ्याकडं वळली. मला आजवर कुणी अशा आवाजात काम सांगितलं नव्हतं. "तात्या, आत या. टोपी धरू नका, बादली धरा."

आत गेलो. बाटली नुसत्या बर्फावर ठेवलेली. मी स्वतः तांब्या उचलून पाणी ओतलं. बागेच्या स्वयंपाकघरात कमलच्या वयाची एक अक्का काकड्या कापत होती, तिच्यापुढचं मीठ मागितलं. तिनं चिमूट दिली. मी दोन्ही हातांची ओंजळ करून दाखवली. ती कानडीत काही पुटपुटली आणि डबाच दिला. शर्वरी बाटली बर्फात बुडवून मान धरून गोल फिरवत होती. मला म्हणाली, "असं. थांबू नका. हलवू नका, फिरवा." मी फिरवली. बोटं बधिर झाली. काहिलीपुढं हात भाजलेत आयुष्यभर, गारठ्यानं पहिल्यांदा गेले. तोवर तिनं फेसाची पुन्हा बर्फात टाकली, पांढरी आणि गुलाबी बघितली, लाल बाटली बर्फातून काढून पुसली आणि सावलीत ठेवली, कारण तिची पाळी आता उशिरा येणार होती आणि ती जास्त गार झाली असती.

दहा मिनिटांनी तापमापक. आठ.

गोड वाईन छोट्या पेल्यांत गेली. मुत्तण्णा साहेबांनी एक घोट घेतला. पानाकडं हात नेला, चौथा खडा तोंडात टाकला, आणि दुसरा घोट घेतला. मग डोळे मिटले. बाई लिहीत होत्या. पुढच्या चार बाटल्या एकेक करून गेल्या, मध्ये कोरडी पोळी आणि पाणी. लाल वाईनचा पेला साहेबांनी दोन्ही तळव्यांत धरून बघितला आणि मान हलवली. मी टोपी हातात घेऊनच उभा होतो. घालायचं सुचलंच नाही.

शेवटी बाई म्हणाल्या, "पाचही तापमानं बरोबर. क्रमाचे गुण कापावे लागलेत."

मी म्हटलं, "ते माझ्या नावावर कापा."

"तुमचं नाव यादीत नाही, आजोबा."

मुत्तण्णा साहेब शर्वरीला काही तरी बोलले आणि तिचे डोळे भरले. केशवरावांनी मला सांगितलं, पुढच्या एक तारखेपासून कायम. आणि साहेब विचारतायत, तो गूळ आणखी आहे का. उरलेली ढेप मी कागदात बांधून दिली.

परतीच्या वाटेवर मी पुन्हा पुढं बसलो. किल्ला मागं गेल्यावर शर्वरी मागून म्हणाली, "तात्या, शुक्रवार झाला. आता बोला. रविवारची बॅग भरू का?"

केशवरावांनी गाडी हळू केली. त्यांना ऐकायचं होतं.

मी म्हटलं, "एक तारखेला हजर व्हायचं म्हणाला ना तो मिशीवाला?"

"हो."

"मग आठ दिवसांसाठी जाऊन येऊन कशाला दमतेस."

तिनं मागून माझ्या खांद्यावर हात ठेवला. घरापर्यंत काढला नाही. हात अजून गार होता. माझेही होते.

रविवार, गाव

गाडीतून उतरलो तर फाट्यावर थोरला गाडी घेऊन उभा. बरोबर भावकीतले दोघं, मुद्दाम आलेले. तिघांनी माझ्या मागं बघितलं. माझ्या मागं फक्त कंडक्टर होता.

भावकीतला एक म्हणाला, "तात्या, नात कुठाय?"

"मी तिला तिथं ठेवून आलोय," मी म्हटलं. "सगळं तपासलं. काम चांगलं आहे, माणसं चांगली आहेत. मी परवानगी दिली."

दोघांनी माना डोलावल्या. तात्यानं तपासलंय म्हटल्यावर विषय संपला. थोरल्यानं माझी पिशवी घेतली, मागं ठेवली, आणि माझ्यासाठी दार उघडून धरताना कानाजवळ येऊन म्हणाला, "तिचा फोन आला होता मला. तुम्ही चारचौघांत टोपी काढून चूक कबूल केलीत म्हणे."

मी आत बसलो. दार ओढून घेतलं.

"गाडी सुरू कर," मी म्हटलं.